पावसाच्या रानांची राखण

(वडोदरा शहराच्या वाडी भागातील मराठी श्रोत्यांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाडी या शब्दाचा अर्थ वडोदऱ्यात एक आहे आणि कोकणात दुसरा. येथे वाडी म्हणजे रंगमहालाच्या आसपासची जुनी वस्ती; गायकवाडी अमदानीत दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे या शहराच्या ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांपैकी हा एक भाग. कोकणात वाडी म्हणजे गावाचा एक पोटभाग, आणि घरामागची नारळी-पोफळीची बागही. त्या बागेला गडगा घातलेला असतो. दगडावर दगड रचून केलेले ते कुंपण असते. गडग्याच्या आतले राखले जाते आणि बाहेरचे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेले असते. जगातील राखीव वर्षावनांचा विचार करताना हा गडगा डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. एखादे रान राखीव म्हणून घोषित होते तेव्हा शासनही नकाशावर असाच एक गडगा घालीत असते. तो कोणाच्या जमिनीवर घातला गेला आणि त्याची राखण करण्यात शेजारच्या माणसाला काही स्वारस्य उरले की नाही, यावर आतल्या झाडांचे आयुष्य अवलंबून असते.

वडोदऱ्याहून निघून नर्मदा आणि तापी ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे सोनगड लागते. गायकवाडांचे हे पहिले ठाणे. सोनगड-व्यारा हा मुलूख पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे आणि संस्थानाच्या रानांपैकी चांगला हिस्सा तेथेच होता. त्याच्या पलीकडे डांग, आणि डांगापासून सह्याद्रीची सुरुवात. डांगातील पूर्णा अभयारण्य १९९० साली घोषित झाले; त्याच्या जवळचे वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ सालचे, आणि ते अवघे २४ चौरस किलोमीटरांचे. साग, बांबू, ऐन, शिसव अशी ही भरदार राने आहेत. परंतु ती पानझडी राने आहेत. फाल्गुनात तेथे पान गळते आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. ज्याला वर्षावन म्हणतात, ते रान पाहण्यासाठी सह्याद्रीच्या कण्यावरून आणखी दक्षिणेस, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या बाजूस जावे लागते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वडोदऱ्याच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक. इतका पाऊस पडत असताना सह्याद्रीवर वर्षावन सलग का नाही, तुकड्यातुकड्यांनी का आहे? याचे उत्तर पावसाच्या मापात नसून त्याच्या वेळापत्रकात आहे. विषुववृत्तालगतच्या ॲमेझॉनच्या किंवा काँगोच्या खोऱ्यात जवळजवळ प्रत्येक महिन्यात पाऊस असतो. सह्याद्रीवरचा बहुतांश पाऊस चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडांना मातीतील ओलीवर आणि पहाटेच्या धुक्यावर काढावयाचे असतात. म्हणून अंजनी, जांभूळ, पिसा यांसारखी जाड, चकचकीत पानांची झाडे एकमेकांच्या सावलीत दाटी करून उभी राहतात आणि खालच्या जमिनीला ऊन लागू देत नाहीत. ही दाटी हीच त्यांची साठवण. एकदा ती फोडली, की ऊन आत शिरते, माती तापते, पालापाचोळा वाळून उडून जातो आणि पुढच्या पावसात उघडी माती दरीत उतरते. तेथे मग कारवी आणि झुडपे येतात, अंजनीचे रान सहजासहजी परत येत नाही. विषुववृत्तावरील रानाला तोडीनंतर वर्षभराचा पाऊस साह्य करतो. सह्याद्रीच्या रानाला ते साह्य नाही. जगातील वर्षावनांच्या कुटुंबात सह्याद्री हा असा काठावर राहणारा भाऊ आहे.

वर्षावनाची जमीन फार सुपीक असते, हाही एक समज आहे. एवढी मोठी झाडे जेथे वाढतात तेथे पीकही उत्तम येईल, या हिशेबाने जगभर कितीतरी रान साफ करण्यात आले. दोन-तीन हंगाम पीक बरे येते, नंतर जमीन हात आखडते. कारण तेथील कस मातीत थोडा आणि झाडांच्या अंगात पुष्कळ असतो. पडलेले पान बुरशी आणि वाळवी यांच्याकडून लगेच कुजविले जाते आणि वरवरची मुळे ते सत्त्व पुन्हा झाडात ओढून घेतात. झाड तोडून नेले म्हणजे जमिनीची कोठीच उचलून नेली असे होते.

कायद्याने रान राखण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुने कायदेशीर राखीव वन म्हणून ज्याचा निर्देश होतो, ते कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो बेटावर आहे. हे बेट १७६३ साली ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि उसाच्या मळ्यांसाठी त्याचे तुकडे पाडून ते विकण्याचा सपाटा सुरू झाला. त्या वेळी व्यापारविषयक मंडळाचे सदस्य सोम जेनिन्स यांनी आग्रह धरला, की डोंगराच्या कण्यावरील रान विकू नये. झाडे हवेत वाफ सोडतात हे स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, आणि रान गेले तर पाऊसही जाईल अशी भीती त्यातून निर्माण झाली होती. शेवटी १७७६ साली अध्यादेश निघून तो डोंगरकणा राखीव झाला. कारण म्हणून नोंदले गेले ते पावसाचे, कारण त्यावर जमिनीची सुपीकता अवलंबून होती. १९६३ सालच्या फ्लोरा वादळाने त्या रानाची फार मोठी हानी केली. तरीही राखीवपण काढून घेण्यात आले नाही आणि रान पुन्हा उभे राहत गेले.

टोबॅगोच्या अध्यादेशाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. तो मळेवाल्यांच्या हितासाठी केला गेला होता, आणि मळ्यांत राबणारे गुलाम होते. रान कोणासाठी राखावयाचे हा प्रश्न तेव्हापासूनच रानाबरोबर चालत आला आहे.

झाडे पाऊस आणतात, हे वाक्य शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जात आहे. शिक्षकांनी ते थोडे तपासून सांगितले तर बरे. ॲमेझॉनसारख्या विस्तीर्ण प्रदेशात झाडांनी सोडलेली वाफ पुन्हा पाऊस होऊन आत आत जाते, हे खरे आहे. सह्याद्रीवरचा पाऊस मात्र मुख्यतः समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्याला डोंगर आडवा येतो म्हणून पडतो. डोंगर उघडा झाला तरी ढग अडतीलच. फरक पडतो तो पडलेल्या पाण्याच्या वाटचालीत. दाट रानात सर आधी पानांवर फुटते, मग खोडावरून उतरते, मग पाचोळ्यात मुरते. ते पाणी झऱ्याच्या रूपाने मार्गशीर्षात, पौषात, कधी चैत्रातही बाहेर येत राहते. उघड्या उतारावरचे पाणी त्याच दिवशी नदीला पूर आणून निघून जाते. पाऊस तेवढाच, पण एका गावाला चैत्रात विहिरीचे पाणी आणि दुसऱ्याला टँकर, असा तो फरक आहे. वडोदऱ्याच्या रहिवाशांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सयाजी सरोवर बांधविले तेव्हाच शहराचे पाणी दूरच्या पाणलोटाशी बांधले गेले. आणि पावागडाकडून येणारी विश्वामित्री ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात कशी शिरली, हे अनेकांनी आपल्या ओटीवरून पाहिले आहे.

महाराष्ट्रातील वर्षावनांच्या राखणीचा इतिहास राधानगरीपासून सुरू करणे योग्य ठरेल. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या काळी दाजीपूरचे रान शिकारीसाठी राखलेले होते, आणि त्याच मुलखात भोगावती नदीवर धरण बांधण्याचे कामही त्यांनीच हाती घेतले. राजाची शिकार हा रान राखण्याचा फार उदात्त हेतू नव्हे. पण इतरांच्या कुऱ्हाडीपासून ते वाचले एवढे खरे. १९५८ साली तेथे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झाले. राज्यातील हे पहिले अभयारण्य होय. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे या कामाला देशभर एक चौकट मिळाली. १९८५ साली राधानगरीचे क्षेत्र वाढून ३५१ चौरस किलोमीटर झाले. कोयना, चांदोली आणि भीमाशंकर ही अभयारण्येही त्याच वर्षीची. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कोयना व चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदली. त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

या तारखा वाचताना असे वाटते, की शासन एकेक पाऊल टाकीत गेले आणि रान वाचत गेले. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कोयनेचे रान इतके दाट का राहिले, याचा शोध घेतला तर उत्तर धरणाच्या भिंतीपाशी सापडते. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि शिवसागर जलाशयाचे पाणी खोऱ्यात दूरवर पसरले. नदीकाठची गावे, भातखाचरे, वाटा पाण्याखाली गेल्या. पश्चिमेकडील डोंगर बाहेरच्या जगापासून तुटला; आजही वासोटा किल्ल्याकडे जाणारा माणूस बामणोलीहून नावेत बसून पलीकडे जातो. रस्ता नाही, म्हणून लाकूड वाहणारा ट्रक नाही. गाव नाही, म्हणून चुलीचे सरपण नाही. या एकांतात रान वाढले. ज्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र उभे आहे, त्या पाण्याचा पाणलोट ह्या रानाने धरून ठेवला आहे. जलाशयात गाळ किती उतरावा हे त्याच रानाच्या हाती आहे.

याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा उल्लेख अभयारण्याच्या माहितीपत्रकात क्वचितच येतो. धरणग्रस्त कुटुंबांपैकी काहीजण लांबच्या जिल्ह्यांत गेले. काहीजण जलाशयाच्या काठाने वर डोंगरात सरकले आणि तेथे नव्याने नाचणी-वरी पेरू लागले. १९८५ मध्ये ते डोंगरच अभयारण्यात आले. पहिल्यांदा पाण्याने उठविले, दुसऱ्यांदा रानाने, असे त्या माणसांच्या वाट्याला आले. चांदोलीच्या खोऱ्यातील गावांनाही आधी वारणेचे धरण आणि नंतर उद्यान, अशा दोन्ही गोष्टींना सामोरे जावे लागले. पुनर्वसनाची जमीन, तिचा दर्जा, पिण्याचे पाणी, रस्ते, सातबाऱ्यावरील नाव हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले आणि त्यासाठी मोर्चे व ठिय्या आंदोलने झाली. डोंगरावर हिरडा, शिकेकाई, मध यांचे उत्पन्न होते. सपाटीवरच्या नव्या गावी ते नाही आणि त्याची भरपाई कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही.

२००६ सालच्या वनहक्क कायद्याने असे ठरविले, की अभयारण्यातील वा उद्यानातील माणसांचे हक्क आधी मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेच्या संमतीविना त्यांना हलविता येणार नाही. चांदोलीच्या उद्यानाची अधिसूचना या कायद्याच्या दोन वर्षे आधीची आहे. या कायद्याने रानाचे नुकसान होईल अशी भीती काही वनप्रेमी मंडळींनी व्यक्त केली होती, आणि तिच्यात तथ्यांश नव्हता असे नाही. परंतु ज्या शेजाऱ्याशी हिशेब चुकता झालेला नाही, त्याच्या भरवशावर गडगा टिकत नाही, हाही अनुभवच आहे. वणवा विझविण्यासाठी पहिली हाक त्यालाच द्यावी लागते.

बाहेरच्या जगातही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दिसतो. काँगोमधील सालोंगा हे १९७० साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान सुमारे ३६,००० चौरस किलोमीटरांचे आहे. महाराष्ट्राच्या एक-दशांशाहूनही मोठे. ते करताना गावे उठविण्यात आली आणि त्या वेळचे दुःख तेथील सीमेवर अद्याप जिवंत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील डेन्ट्री या अतिप्राचीन वर्षावनाच्या बाबतीत उलट घडले : २०२१ साली क्वीन्सलंड राज्याने ते ईस्टर्न कुकू यालांजी या मूळ रहिवाशांच्या मालकीचे म्हणून परत केले, आणि उद्यान तसेच ठेवून त्याचा कारभार दोघांनी मिळून पाहावयाचा असे ठरले. एक्वादोरमधील यासुनी उद्यानाखाली खनिज तेल आहे. २० ऑगस्ट २०२३ रोजी त्या देशाने सार्वमत घेतले आणि बहुसंख्य मतदारांनी तेथील तेल भूमीतच राहू द्यावे असा कौल दिला. मतपेटीतून निघालेल्या अशा कौलाची अंमलबजावणी करणे किती अवघड असते, हे पुढे त्या देशालाही उमगले.

भारतातील सर्वांत बोधप्रद उदाहरण केरळातील सायलेंट व्हॅलीचे होय. पालघाट जिल्ह्यातील कुंती नदीवर धरण बांधून वीज काढण्याची योजना १९७३ साली मंजूर झाली. धरणाखाली जाणारे रान सदाहरित होते आणि सिंहासारखी शेपटी व मानेभोवती आयाळ असलेल्या दुर्मिळ वानराचे ते घर होते. केरळला विजेची निकड होती. विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणणे सोपे होते. या प्रसंगी पुढे आली ती केरळ शास्त्र साहित्य परिषद. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचा मोठा भरणा होता आणि विज्ञान मल्याळम भाषेत लोकांपर्यंत नेणे हे तिचे नेहमीचे काम. परिषदेने नुसते वानराचे चित्र दाखविले नाही. या धरणातून वीज किती मिळेल, ती कोणत्या भागाला मिळेल, तीच वीज दुसऱ्या मार्गाने काय खर्चात मिळू शकेल, याचे गणित मांडून ते गावोगाव वाचून दाखविले. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासारखे साहित्यिकही या कार्यात उतरले. १९८३ मध्ये योजना मागे पडली, नोव्हेंबर १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. क्षेत्र जेमतेम ९० चौरस किलोमीटर. परंतु देशातील एखादे रान लोकांनी गणित करून राखल्याचे असे दुसरे उदाहरण सहजी सापडत नाही.

शिक्षकांच्या कामाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक हकीकत नमूद करणे उचित होईल. १९८७ साली स्वीडनमधील एका प्राथमिक शाळेतील मुलांनी वर्गात वर्षावनांविषयी ऐकले आणि खाऊचे पैसे गोळा करून दूर मध्य अमेरिकेतील कोस्टारिकामध्ये थोडे रान विकत घेऊन राखण्याचे मनात आणले. ते लोण अनेक देशांतील शाळांत पोहोचले. 'मुलांचे चिरंतन वर्षावन' या नावाने ओळखले जाणारे ते क्षेत्र आज २०,००० हेक्टरांहून अधिक आहे. अर्थात पैशाने रान विकत घेऊन राखण्याची ही रीत सह्याद्रीवर जशीच्या तशी चालणार नाही. येथे प्रत्येक कातळावर कोणाचा तरी हक्क, कोणाचे तरी दैवत असते.

शेजारच्या श्रीलंकेतील सिंहराजा या वर्षावनाचे कोकणाशी विशेष नाते जुळते. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे प्लायवूडच्या कारखान्यासाठी यंत्राने तोड सुरू झाली होती. लोकांच्या विरोधामुळे १९७७ मध्ये ती थांबविण्यात आली, १९७८ मध्ये ते जीवावरण राखीव क्षेत्र झाले आणि १९८८ मध्ये जागतिक वारसा. त्याच्या सीमेवरील गावांत कितुल नावाच्या ताडवर्गीय झाडाचा रस काढून गूळ करतात. हे कितुल म्हणजेच कोकण-मावळातला भेरली माड. माशाच्या शेपटीसारखी पाने आणि घोड्याच्या शेपटीसारखे लोंबणारे फुलोरे असलेले हे झाड मावळातील आजिवलीच्या देवराईत मोठ्या संख्येने आहे, आणि त्याची माडी तेथेही काढली गेली आहे. रानातून थोडे घेत राहणे आणि रान राखणे या दोन गोष्टींचा मेळ बसू शकतो, हे दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची भेट न होता कळले.

देवराईचा उल्लेख आला. शासनाने गडगा घालण्याच्या शेकडो वर्षे आधी सह्याद्रीच्या गावांनी न दिसणारा गडगा घातला होता. कोठे तिला देवराई म्हणतात, कोठे देवरहाटी, कोठे नुसती राई. नियम थोडे आणि कडक : कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीही घरी आणायची नाही, काही ठिकाणी वहाणाही बाहेर. देवळाच्या तुळईसाठी झाड हवे असेल तर गुरवाकरवी देवाचा कौल घ्यावयाचा, आणि कौल डावा आला तर झाड उभेच राहील. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या राया गावोगाव फिरून पाहिल्या आणि त्यांतील वनस्पतींची नोंद केली. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या राईवर त्या सुमारास तोडीचे संकट आले होते. ग्रामस्थांनी ती वाचविण्यासाठी साह्य मागितले, ते केवळ देवाच्या भयाने मागितले असे नव्हे. राईतून निघणारा ओढा बारमाही आहे आणि राई गेली तर ओढा जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. देव आणि पाणी या दोहोंचे नाव त्यांच्या तोंडी एकाच श्वासात येत होते.

आजचे चित्र समाधानाचे नाही. देवावरचा विश्वास जसा बदलतो तशी राई बदलते. मुंबईला गेलेले चाकरमानी श्रद्धेने वर्गणी पाठवितात आणि तिच्यातून जुन्या कौलारू देवळाच्या जागी काँक्रीटचे मोठे देऊळ, सभामंडप, गाड्या लावावयास फरसबंद जागा होते. देवाचा मान वाढतो, राई मात्र कमी होते. दुसरी अडचण दप्तराची. अनेक राया महसुली कागदांवर सरकारी नावाने आहेत; राखली गावाने आणि उतारा दुसऱ्याच्या नावे, यामुळे गावाच्या मनात किंतु राहतो. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दक्षिण कोकणातील पुष्कळसे दाट रान सरकारी नाहीच, ते खाजगी मालकीचे आहे. वर्षावनाचा मालक कर्जबाजारी झाला किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या, की लाकडाच्या ठेकेदाराचा निरोप येतो. मागाहून तेथे रबर किंवा काजू लागतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील अशा तोडीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली तेथे वृक्षतोडीस बंदी घालण्यात आली. तिलारी खोऱ्यातील रान २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले.

संपूर्ण पश्चिम घाटासाठी एक मोठा गडगा घालण्याचा विचार २०१० पासून सुरू आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दुसरा. पहिल्या अहवालाचा आग्रह असा, की काय राखावे आणि कसे राखावे हे ग्रामसभांनी चर्चेने ठरवावे. परंतु अहवाल इंग्रजीत, तोही काही महिने अप्रकाशित, आणि गावोगाव पोहोचली ती अफवा : घराला कौल घालायला परवानगी लागणार, शेतात नांगर धरता येणार नाही. लोकांना कागद दाखविण्याआधी भीती दाखविली गेली, म्हणून ज्या गावांना त्याचा सर्वाधिक लाभ व्हावयाचा तीच गावे विरोधात उभी राहिली. २०१४ पासून केंद्र शासनाने अधिसूचनेचे मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा हा सहावा. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० आणि गुजरातमधील ४४९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनक्षम म्हणून दाखविले होते, आणि हरकती व सूचनांसाठी ६० दिवसांची मुदत होती. ज्या शिक्षकाने वा ग्रामसेवकाने त्या दिवसांत तो मसुदा चावडीवर मराठीत वाचून दाखविला असेल, त्याने सायलेंट व्हॅलीतील शिक्षकांचेच काम केले असे म्हणावे लागेल.

लहान गडगे मात्र मोठ्या गडग्याची वाट पाहत थांबलेले नाहीत. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्यात वारसास्थळ घोषित करण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे २०२१ साली दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रान जैवविविधता वारसास्थळ झाले. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास, आणि तीही मुळात देवाची राई. तेथे रानजायफळाची दलदल आहे. पाण्यात उभी असलेली ही झाडे श्वास घेता यावा म्हणून गुडघ्यासारखी वाकलेली मुळे चिखलाबाहेर काढतात. जायफळाची बी मोठी असते. ती गिळून दूर टाकावयास धनेशासारखा मोठा पक्षी लागतो, आणि धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. तिच्यात मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवितो. म्हणून अडीच हेक्टरांची राई राखण्यासाठी भोवतालच्या डोंगरावरची ढोलीची झाडेही उभी राहावी लागतात, आणि ती बहुतेक कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीत आहेत.